आर्केड बोर्ड स्क्रीनला जोडताना: आधी सिग्नल मोजा, प्लग शेवटी निवडा

हातात आर्केड बोर्ड (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम मशीनमधला सर्किट बोर्ड) आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला कुठली केबल लागेल?" गडबडीची सुरुवात इथूनच होते. प्लग म्हणजे नुसता आकार. एकाच व्हीजीए प्लगमधून ३१ किलोहर्ट्झचा सिग्नल जाऊ शकतो आणि १५चाही. स्कार्टचा (टीव्हीचा २१ पिनांचा रुंद) प्लग युरोपात आणि जपानमध्ये दिसायला सारखाच असतो, पण आतल्या तारा वेगळ्या पिनांवर असतात. त्यामुळे प्लग सॉकेटमध्ये नीट बसला याचा अर्थ जोडणी बरोबर झाली, असा होत नाही.

बोर्डाच्या सिग्नलबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात: आडवी फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती आडव्या रेषा) किती, रंगांचा व्होल्टेज किती आणि सिंक (रेषा आणि चित्र कुठे सुरू होतं हे स्क्रीनला सांगणारा सिग्नल) कुठल्या प्रकारचं. या तीन गोष्टी कळल्या की कनेक्टर जवळजवळ आपोआप ठरतो. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या दोन गाळून थेट सोल्डरिंग गन हातात घेतली, तर आठवडाभराने परत पहिल्या पायरीवरच यावं लागतं.

## पायरी १. साहित्य आणि बोर्डाची कडा

लागणारं सामान फार नाही: मल्टिमीटर (फ्रीक्वेन्सी मोजणारा असेल तर उत्तम), ५६ पिनांचा जॅमा (आर्केड बोर्डांच्या जोडणीचं मानक) एज कनेक्टर, ५ आणि १२ व्होल्ट देणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), १ किलोओहमचे तीन प्रीसेट (स्क्रूने कमी-जास्त करायचे रेझिस्टर), ७५, १८० आणि ४७० ओहमचे तसंच १ किलोओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर, २२० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर आणि शील्ड असलेली बारीक कोऍक्स वायर. एज कनेक्टर सोडला तर बाकी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. कनेक्टर घेताना पिनांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर असल्याची खात्री करा. छोटा ऑसिलोस्कोप असेल तर अर्धं काम सोपं होतं, नसेल तर अडत नाही.

१९८५ पासूनच्या जॅमा मानकात बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी २८-२८ पट्ट्या असतात. सुटे भाग असलेल्या बाजूला १ ते २८ आकडे, तर सोल्डरच्या बाजूला इंग्रजी अक्षरं. आपल्या कामाच्या पिना एवढ्याच:

- १२: लाल
- एन: हिरवा
- १३: निळा
- पी: सिंक
- १४: व्हिडिओ ग्राउंड

इथे एक सापळा आहे, त्यात भलेभले सापडतात. अक्षरांच्या बाजूला जी, आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरलेलीच नाहीत. वर्णमालेत एन चौदावं अक्षर आहे, पण कनेक्टरवर ते बाराव्या जागी येतं, बरोबर लालच्या पाठीमागे. पी तेराव्या जागी, निळ्याच्या पाठीमागे. एकदा एका विक्रेत्याकडून मी तयार हार्नेस (कनेक्टरला जोडलेला तारांचा जुडगा) घेतला होता. तो बनवणाऱ्याने सगळी अक्षरं मोजत जाऊन हिरवी तार चौदाव्या जागेवर आणि सिंकची सोळाव्या जागेवर टाकली होती. बोर्ड सुरू केला तर स्क्रीन काळी, पण स्पीकरमधून नाणं पडल्याचा आवाज आला. चौदावी जागा सर्व्हिस बटणाची आणि सोळावी दुसऱ्या नाण्याच्या खाचेची. स्क्रीनच्या आतल्या ७५ ओहममधून त्या पिना ग्राउंडकडे ओढल्या गेल्या आणि बोर्डाला वाटलं कुणीतरी क्रेडिट टाकलं. तारांचे रंग बघून मी आख्खी संध्याकाळ घालवली होती. तेव्हापासून नियम केला: तारेच्या रंगावर विश्वास नाही, प्रत्येक तार पट्टीपासून टोकापर्यंत मल्टिमीटरने वाजवून बघायची (जोड असेल तर मीटर बीप करतो).

सावधान: कनेक्टर उलटा बसला तर पिन क्रमांक २९ मधून वजा होतो. म्हणजे ६ आणि एफ वरचे १२ व्होल्ट थेट तेविसाव्या जागी, दुसऱ्या बटणाच्या इनपुटवर जातात. १, २ आणि २७, २८ या चारही जागा ग्राउंडच्या असल्यामुळे सर्किटही पूर्ण होतं आणि इनपुटची चिप जळते. सातव्या जागेची की (कनेक्टर उलटा बसू न देणारा तुकडा) कनेक्टरमध्ये नक्की लावा. बोर्डाला खाच नसेल तर कनेक्टरवर ठळक मार्करने "भागांची बाजू" असं लिहून ठेवा.

तपासा: बोर्ड लावून, चालू करून, बोर्डाच्या कडेवरच ५ व्होल्ट मोजा, एसएमपीएसच्या टोकावर नाही. ५.०० ते ५.१० असावेत. ४.७५ च्या खाली गेले की बोर्ड रिसेट होतो, चित्र तुटतं आणि लोक व्हिडिओच्या तारा बदलत बसतात. ५.२५ च्या वर कधीच जाऊ देऊ नका.

## पायरी २. बोर्डाची फ्रीक्वेन्सी ओळखा

बहुतांश जॅमा बोर्ड साधारण १५.७ किलोहर्ट्झवर चालतात. कॅपकॉमचा सीपीएस-२ आणि निओ जिओ एमव्हीएस दोन्ही यातलेच. सेगाचा मॉडेल २ २४ किलोहर्ट्झवर चालतो. १९९८ चा सेगा नाओमी ३१ किलोहर्ट्झ देतो, त्याला व्हीजीएचं सॉकेटही आहे आणि डिप स्विचने (बोर्डावरच्या छोट्या स्विचने) तो १५ वरही आणता येतो.

बोर्ड ओळखीचा नसेल तर पी पिनवर मोजा. ऑसिलोस्कोपवर एका रेषेचा कालावधी ६४ मायक्रोसेकंदांच्या आसपास असेल तर १५ किलोहर्ट्झ, ४० च्या आसपास असेल तर २४ आणि ३२ च्या आसपास असेल तर ३१. मल्टिमीटरच्या फ्रीक्वेन्सी मोडवर आकडा थोडा हलतो, पण १५ आणि ३१ मधला फरक कळायला तेवढं पुरतं.

त्याच पिनवर डीसी व्होल्टही बघून ठेवा. जॅमाचं सिंक निगेटिव्ह असतं. म्हणजे ते बहुतेक वेळ वर असतं आणि पल्सपुरतं खाली येतं. त्यामुळे मीटरवर ४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. अर्धा व्होल्टच दिसत असेल तर सिंक पॉझिटिव्ह आहे, किंवा तार चुकीच्या पट्टीवर आहे.

उभी फ्रीक्वेन्सीही (सेकंदाला किती चित्रं) कागदावर लिहा, कारण एचडीएमआयच्या वेळी तीच अडचण करते. निओ जिओ ५९.१८ हर्ट्झ, सीपीएस-२ ५९.६३, आयरेमचा एम७२ ५५, तर मिडवेचा पहिला मॉर्टल कॉम्बॅट ५४.७. जुन्या सीआरटीला (पिक्चर ट्यूबच्या स्क्रीनला) हे सगळं चालतं. घरातल्या नव्या टीव्हीला ५० आणि ६० समजतं, मधलं बऱ्याचदा समजत नाही.

## पायरी ३. स्क्रीन काय घेते ते वाचा

मागचं सॉकेट बघून अंदाज बांधू नका, मॅन्युअल उघडा. कॉम्प्युटरच्या एलसीडी मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये आडवी फ्रीक्वेन्सी बहुधा ३० किलोहर्ट्झपासून पुढेच दिलेली असते. अशा मॉनिटरला १५ किलोहर्ट्झचा बोर्ड व्हीजीए प्लग सोल्डर करून लावला, तर "आउट ऑफ रेंज" किंवा काळी स्क्रीन याशिवाय काही मिळणार नाही. मला सर्वांत जास्त विचारली जाणारी चूक हीच, आणि रेझिस्टर किंवा केबल बदलून ती सुटत नाही.

भारतात विकल्या गेलेल्या सीआरटी टीव्हींवर स्कार्ट क्वचितच सापडतं. पिवळं-पांढरं-लाल एव्ही सॉकेट बहुतेकांवर असतं, तर डीव्हीडीच्या काळातल्या बऱ्याच मॉडेलांवर हिरवं-निळं-लाल कंपोनंटही असतं. ही तीन सॉकेटं बघून खूप जण बोर्डाचे तीन रंग थेट त्यात घालतात. कंपोनंटमध्ये लाल, हिरवा, निळा जात नाहीत. त्यात उजेडाची एक तार आणि रंगांच्या फरकाच्या दोन तारा असतात. थेट जोडलं तर हिरवट-जांभळं चित्र येतं, तेही सिंक मिळालं तर.

सावधान: टीव्ही उघडून आत आरजीबी (लाल-हिरवा-निळा सिग्नल) घुसवायचा उद्योग अनुभव नसताना करू नका. रंगीत पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहतात. शिवाय काही जुन्या टीव्हींचा आणि आर्केड मॉनिटरचा चासिस थेट मेन्सला जोडलेला असतो. असा मॉनिटर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय बोर्डाला जोडू नये.

## पायरी ४. आता कनेक्टर निवडा

मूळ आर्केड मॉनिटर: लाल, हिरवा, निळा, सिंक, ग्राउंड अशा पाच तारा सरळ जोडा. मधे रेझिस्टर नको. जॅमा बोर्ड याच्यासाठीच बनलेले आहेत.

स्कार्ट: घरात युरोपातला टीव्ही नसला तरी बहुतेकांनी हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ओएसएससीसारखे स्केलर (सिग्नल नव्या स्क्रीनला चालेल असा करणारी उपकरणं) स्कार्ट घेतात. एकदा बोर्डापासून स्कार्टपर्यंतची जोडणी नीट केली की पुढची स्क्रीन कितीही वेळा बदला. मागची बाजू तशीच राहते.

बीएनसी (फिरवून बसवायचा गोल कनेक्टर): स्टुडिओतला प्रोफेशनल मॉनिटर मिळाला असेल तर. स्कार्टसाठी लागतो तोच व्होल्टेज याला लागतो. मागचा ७५ ओहमचा स्विच चालू ठेवा.

कंपोनंट: आरजीबीवरून कंपोनंट करणारा ट्रान्सकोडर मधे घालायचा. आपल्याकडच्या सीआरटीवर १५ किलोहर्ट्झचं सर्वांत देखणं चित्र याच वाटेने मिळतं. ट्रान्सकोडर घेताना तो फ्रीक्वेन्सी बदलत नाही याची खात्री करा.

व्हीजीए: ३१ किलोहर्ट्झचा बोर्ड असेल तरच थेट. १५ किंवा २४ असेल तर मधे जीबीएस-८२०० सारखा कन्व्हर्टर हवा.

एचडीएमआय: नेहमी स्केलरमार्फत. ओएसएससी रेषा वाढवतो, पण उभी फ्रीक्वेन्सी आहे तशीच पुढे पाठवतो. त्यामुळे ५४.७ हर्ट्झचा बोर्ड टीव्ही नाकारू शकतो. अशा वेळी फ्रेम साठवून ६० हर्ट्झ देणारा स्केलर लागतो. चित्र अधूनमधून किंचित अडखळतं, पण दिसतं.

पिवळा एव्ही: सगळ्यात शेवटचा पर्याय. एडी७२५ सारखी एन्कोडर चिप असलेला बोर्ड लागतो. चित्र आलं पण काळं-पांढरं, तर बहुधा रंगपद्धत जुळलेली नाही. बोर्ड ६० हर्ट्झचा असल्यामुळे एन्कोडर एनटीएससीवर ठेवा आणि टीव्हीची कलर सिस्टीमही त्याप्रमाणे किंवा ऑटोवर.

## पायरी ५. रंगांचा व्होल्टेज उतरवा

गाळली जाते ती हीच पायरी. जॅमाचे रंग आर्केड मॉनिटरच्या मोठ्या इनपुट रोधासाठी बनवलेले असतात आणि कित्येक बोर्डांवर ते ३ ते ५ व्होल्टपर्यंत जातात. टीव्ही आणि स्केलरला हवेत ०.७ व्होल्ट, ७५ ओहमवर. तसंच जोडलं तर चित्र पांढरंफटक दिसतं, उजळ अक्षरांच्या उजवीकडे शेपट्या येतात आणि स्केलरच्या इनपुट चिपला धोका होतो.

हिशेब सोपा आहे. ५ व्होल्टचे ०.७ करायला मालिकेत सुमारे ४६० ओहम लागतात आणि ३ व्होल्टसाठी सुमारे २४५. पण बोर्डाच्या आतला रोधही त्यात मिसळतो आणि तो प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो. म्हणून मी पक्के रेझिस्टर घालत नाही, तिन्ही रंगांवर १ किलोओहमचे प्रीसेट घालतो.

१. तिन्ही प्रीसेट पूर्ण १ किलोओहमवर ठेवा आणि मीटरने खात्री करा.

२. बोर्ड टेस्ट मोडवर न्या. त्यासाठी पिन १५ ग्राउंडला लावायची. जुन्या बोर्डांवर हे काम डिप स्विच करतो. मेनूतून रंगांच्या पट्ट्यांची स्क्रीन काढा.

३. ऑसिलोस्कोप असेल तर अजून स्क्रीन जोडू नका. प्रीसेटच्या पुढे ७५ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा आणि सर्वांत उजळ पट्टीवर ०.७ व्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवा.

४. ऑसिलोस्कोप नसेल तर पायरी ६ आणि ७ संपवून स्क्रीन जोडा आणि डोळ्यांनी लावा. लालपासून सुरुवात करा. प्रीसेट हळूहळू कमी करत न्या आणि नजर सर्वांत उजळ दोन पट्ट्यांमधल्या रेषेवर ठेवा. पट्ट्या उजळत जातात आणि एका क्षणी ती रेषा पुसली जाते, दोन पट्ट्यांची एकच पट्टी होते. तिथून स्क्रू थोडा मागे घ्या, रेषा परत दिसू लागली की थांबा. मग हिरवा, मग निळा. शेवटी करडी पट्टी बघा. तिच्यात गुलाबी किंवा हिरवी झाक असेल तर तो एक रंग किंचित कमी करा.

काळा भाग करडा दिसत असेल तर बोर्डाच्या सिग्नलमध्ये डीसी मिसळलेला असू शकतो. तेव्हा प्रत्येक रंगात प्रीसेटनंतर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, धन टोक बोर्डाकडे.

तपासा: एका बोर्डावर लावलेले प्रीसेट दुसऱ्या बोर्डाला चालतील असं धरू नका. बोर्ड बदलला की पुन्हा १ किलोओहमपासून सुरुवात.

## पायरी ६. सिंक

जॅमाचं सिंक टीटीएल पातळीचं, जवळपास ५ व्होल्टचं असतं. स्कार्टच्या विसाव्या पिनवर एवढा व्होल्टेज घालायचा नाही. मालिकेत ४७० ओहम घातला की ७५ ओहमवर सुमारे ०.७ व्होल्ट उरतात. ते सुरक्षितही असतं आणि सिंक पकडायला पुरतंही. व्हीजीएच्या १३ आणि १४ या सिंक पिना मात्र टीटीएलच मागतात, तिथे हा रेझिस्टर घालू नका.

आडवं आणि उभं सिंक वेगवेगळं देणाऱ्या बोर्डांच्या दोन तारा एकत्र पिळून एक सिंक होत नाही. दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडतात आणि त्यातली एखादी चिप जाऊ शकते. त्यासाठी सिंक एकत्र करणारं छोटं सर्किट लागतं.

## पायरी ७. स्कार्टची जोडणी

- लाल: पिन १५, त्याचा ग्राउंड १३
- हिरवा: पिन ११, ग्राउंड ९
- निळा: पिन ७, ग्राउंड ५
- सिंक: पिन २०, ग्राउंड १७
- आरजीबी निवडीसाठी: पिन १६, ५ व्होल्टवरून १८० ओहममधून
- टीव्हीने आपोआप एव्हीवर जावं म्हणून: पिन ८, १२ व्होल्टवरून १ किलोओहममधून

शेवटच्या दोन पिना टीव्हीसाठीच आहेत, स्केलरला त्या लागत नाहीत. बोर्डाच्या १४ व्या पिनवरून चारही ग्राउंडना तारा न्या. एकाच ग्राउंडवर भागवलं तर चित्रात हलक्या सावल्या येतात.

सावधान: जपानी २१ पिनांच्या आरजीबी केबलचा प्लग अगदी असाच दिसतो. तिच्यात हिरवा १९ वर आणि निळा २० वर असतो, म्हणजे युरोपी जोडणीत जिथे सिंक असतं तिथे. जुनी केबल कापून वापरणार असाल तर आधी मीटरने वाजवून बघा.

सावधान: आवाजाच्या तारांची घाई करू नका. जॅमाच्या १० आणि एल पिनांवर थेट स्पीकर चालवणारा आवाज असतो आणि काही बोर्डांवर एल म्हणजे ग्राउंड नसतो. तो टीव्हीच्या ग्राउंडला लागला तर ॲम्प्लिफायर जातो. सुरुवातीला आवाज साध्या स्पीकरवरच ऐका. टीव्हीला द्यायचाच असेल तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

तपासा: सगळं बंद असताना लाल-हिरवा, हिरवा-निळा, निळा-सिंक आणि प्रत्येकाचा ग्राउंडशी शॉर्ट नाही ना, हे मीटरने बघा. मग बोर्ड चालू करा, ५ व्होल्ट पुन्हा मोजा, बोर्ड बंद करा, स्क्रीनची केबल लावा, स्क्रीन चालू करा आणि शेवटी बोर्ड. चालू बोर्डात केबल घालायची नाही.

## पायरी ८. चित्र आलं, पण बिघडलेलं

तिरक्या रेषा धावत असतील तर सिंक किंवा फ्रीक्वेन्सी बघा, रंगांना हात लावू नका. चित्र स्थिर आहे पण एक रंग नाही, तर त्या एका तारेचा सोल्डरचा जोड किंवा पिन बघा. चित्राचा फक्त वरचा भाग वाकत असेल तर सिंकची पातळी बघा. ४७० च्या जागी ३३० घालून पाहा, त्याच्या खाली जाऊ नका. सगळं चित्र मंद असेल तर कुठेतरी ७५ ओहमचं टर्मिनेशन (तारेच्या शेवटी ग्राउंडला जाणारा रोध) दोनदा झालेलं असतं, बहुतेक वेळा बीएनसी मॉनिटरच्या मागून पुढे दुसरी केबल गेल्यामुळे. फिकट आडवा पट्टा हळूहळू वर सरकत असेल तर ग्राउंड आणि एसएमपीएस तपासा. बोर्ड आणि स्क्रीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा.

चित्र स्वच्छ आहे पण आडवं पडलंय, तर बिघाड काहीच नाही. पॅक-मॅन किंवा १९४२ सारखे खेळ उभ्या मॉनिटरसाठी बनलेले आहेत, तिथे स्क्रीनच नव्वद अंशांत फिरवावी लागते. जड सीआरटी फिरवण्याआधी तो उभा टिकेल आणि हवेची भोकं बंद होणार नाहीत असा स्टँड तयार ठेवा.